शाळेचे दप्तर आणि वाडीचा इतिहास

११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या ४७ व्या अधिवेशनात मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा समावेश जागतिक वारसा सूचीत करण्यात आला. त्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत व एक, जिंजी, तामिळनाडूत. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या वाट्याला यातील दोन किल्ले आले, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. मालवणसमोरील कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी ज्याचा पाया घातला गेला, त्या जलदुर्गाची ही मान्यता सर्वांनाच आनंद देणारी आहे आणि आम्हीही त्या आनंदात सहभागी आहोत. यापुढे शाळांच्या सहली वाढतील, निबंध लिहिले जातील, चित्रकला स्पर्धा होतील. १९७२ च्या जागतिक वारसा कराराचे २७ वे कलम सदस्य राष्ट्रांना शिक्षणाद्वारे वारशाविषयी आदर निर्माण करण्यास सांगते. आपल्या संविधानातही १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आलेले ५१ क हे कलम आपल्या संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे मोल जाणून तो जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य मानते.

परंतु होडीतून किल्ला पाहून परतणारा जो विद्यार्थी संध्याकाळी आपल्या बौद्धवाडीत येतो, त्याच्या त्या वाडीला इतिहास आहे काय, हा प्रश्न सहलीत कोणी विचारीत नाही. त्याची पणजी कोणत्या सालापासून शाळेत गेली किंवा का गेली नाही, वाडीतील विहीर कोणी खणली, मुंबईस पहिला माणूस कधी गेला, धम्मदीक्षेची वार्ता येथे कोणी आणली, याची नोंद कोठे आहे? पाठ्यपुस्तकात ती असण्याचा प्रश्नच नाही. बालभारतीने इयत्ता तिसरीसाठी परिसर अभ्यासाची जिल्हावार पुस्तके काढली हे पाऊल योग्य दिशेचे होते. तथापि जिल्ह्यापासून वाडीपर्यंतचे अंतर कोणतेही मुद्रित पुस्तक ओलांडू शकत नाही. ते अंतर ओलांडावयाचे तर त्या वाडीतील मुलानेच ओलांडले पाहिजे. ही कल्पना नवी नाही आणि परकीही नाही. तिला स्वतःचा इतिहास आहे, व तो इतिहास आमच्या समाजाच्या इतिहासाशी अनेक ठिकाणी जोडलेला आहे, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम कोकणातीलच एक उदाहरण घेऊ. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील जांभ्या दगडाच्या सड्यांवर कोरलेल्या आकृती, ज्यांना आता कातळशिल्पे हे नाव रूढ झाले आहे, त्या गेल्या दोन-तीन दशकांत अभ्यासकांसमोर आल्या. मालवण तालुक्यातील हिवाळे येथील कातळशिल्पांकडे २००१ मध्ये सतीश लळीत यांनी लक्ष वेधले. त्याच तालुक्यातील कुडोपीचा समावेश २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या तात्पुरत्या सूचीत झाला. त्या सूचीत रत्नागिरी जिल्ह्यातील सात, सिंधुदुर्गातील एक व गोव्यातील एक अशी नऊ स्थळे आहेत. रत्नागिरीकडे सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी गावोगाव पायपीट करून शेकडो आकृती नोंदविल्या. त्यांच्या कार्यातील एक गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. त्यांनी शाळांचे साहाय्य घेतले. विद्यार्थ्यांनी घरी जाऊन आजी-आजोबांना व गावातील वृद्धांना विचारावे की, आपल्या सड्यावर अशी काही चित्रे आहेत काय. ज्या ५२ गावांत ही शिल्पे आढळल्याचे २०१८ मध्ये सांगण्यात आले, त्यांपैकी जेमतेम पाच गावांना त्यांची जाणीव होती. म्हणजे उरलेल्या गावांत ज्ञान नव्हते असे नाही. ते एखाद्या गुराख्याच्या स्मरणात होते, एखाद्या म्हातारीच्या गोष्टीत होते, पण गावाच्या अधिकृत आठवणीत नव्हते. गुरे राखणारा माणूस गावच्या इतिहासाचा जाणकार असू शकतो, हे मान्य करावयास पुरातत्त्वशास्त्राला सड्यावर यावे लागले. ज्यांच्या पूर्वजांचे अर्धे आयुष्य माळरानावर गेले त्या आमच्या समाजाला मात्र यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

वृद्धाच्या मुखातून मुलाच्या कानात, आणि तेथून पुढे, हा ज्ञानाचा मार्ग बौद्ध परंपरेस अपरिचित नाही. तथागतांची वचने कित्येक शतके लिहिली गेली नव्हती. ती भाणकांनी कंठस्थ ठेवली. दीघभाणक, मज्झिमभाणक अशा त्यांच्या परंपरा होत्या आणि आचार्याजवळ बसून पाठ करणारे कोवळे श्रामणेर हेच त्या परंपरांचे भविष्य होते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सिंहलद्वीपात आलुविहार येथे वट्टगामणी अभय राजाच्या काळी त्रिपिटक लिपिबद्ध झाले, त्यामागे दुष्काळ व युद्ध यांमुळे पाठ जाणणारे भिक्षूच नाहीसे होतील ही भीती होती असे परंपरा सांगते. कार्ले येथील चैत्यगृहात सोपाऱ्याच्या एका भाणकाने दिलेल्या स्तंभाचा लेख आजही वाचावयास मिळतो. अपरान्तातील हा स्मरणाचा व्यवसाय असा दोन हजार वर्षांचा जुना आहे. त्यानंतर आमच्या वाट्याला जी शतके आली, त्यांत पाठांतर तर सोडाच, शाळेच्या उंबरठ्यावरही आम्हांस उभे राहू दिले गेले नाही.

म्हणूनच अस्पृश्य समाजातील एका शाळकरी मुलीने आपल्या समाजाचा इतिहास प्रथम लिहिला, ही घटना असामान्य ठरते. महात्मा जोतीराव फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी मातंग समाजातील मुक्ताबाई हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. तेव्हा ती सुमारे १४ वर्षांची होती आणि शाळेत येऊन तिला अवघी तीन वर्षे झाली होती. या निबंधाचे गुणगान आपल्याकडे पुष्कळ होते. तो कसा लिहिला गेला असेल याचा विचार मात्र क्वचितच होतो. मुक्ताबाईने पेशवाईतील अत्याचारांचे वर्णन केले आहे. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. मुक्ताबाईचा जन्म त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी झालेला. तिने जे लिहिले ते तिने पाहिलेले असणे शक्यच नाही. ते तिने ऐकले असणार, घरातील आणि वस्तीतील वडीलधाऱ्यांकडून. बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसलेल्या स्त्रियांना थंडीवाऱ्याचे किती दुःख होत असेल, हे तिने लिहिले. ही गोष्ट कोणत्याही दरबारी कागदात सापडणार नाही. तेव्हा ज्याला आज मौखिक इतिहास म्हणतात आणि विद्यापीठांत ज्याच्या पद्धती शिकवितात, तो महाराष्ट्रात एका विद्यार्थिनीने १८५५ मध्ये शाळेतील निबंधवहीत केला होता. तिला कोणी पद्धत शिकविली नव्हती. तिला अक्षरे शिकविली होती, आणि आपल्या माणसांविषयी लिहिण्यास कोणी अडविले नव्हते.

कोकणात अडविण्याचा इतिहास मोठा आहे. गोपाळबाबा वलंगकर सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीस राहिले, १८८८ मध्ये त्यांचे ‘विटाळ विध्वंसन’ प्रसिद्ध झाले आणि त्याच दशकाच्या पुढेमागे दापोली हे निवृत्त महार व चांभार सैनिकांच्या चळवळीचे ठाणे बनले. त्यांच्या मागण्यांत सैन्यभरतीचा प्रश्न होता तसाच मुलांच्या शाळेचाही. १८९० च्या दशकाच्या प्रारंभी तेथील शाळेत मुलांना प्रवेश मिळविण्यासाठी या निवृत्त सैनिकांना अर्जविनंत्या कराव्या लागल्या, आणि प्रवेश मिळाला तरी मुलांनी वर्गात बसावयाचे की ओसरीवर, हा वाद उरलाच. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा होईपर्यंत मालवण, देवगड, वेंगुर्ले हे तालुके रत्नागिरी जिल्ह्याचेच भाग होते. दापोलीचा इतिहास हा मालवणच्या वाचकासाठी परजिल्ह्यातील नव्हे. ओसरीवर बसून शिकलेल्या मुलांची नावे मात्र आज कोणास सांगता येतील? अर्ज करणाऱ्यांची नावे सरकारी कागदांत राहिली. ज्यांच्यासाठी अर्ज केले ती मुले इतिहासाच्याही ओसरीवरच राहिली.

त्यांतील एका पिढीपुढच्या एका मुलाचे नाव मात्र राहिले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, जी पुढे प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली गेली, भिवा रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याचा प्रवेश १९१४ या क्रमांकावर नोंदला गेला. ते रजिस्टर शाळेने जपले. २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने ७ नोव्हेंबर हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करण्याचे ठरविले, ते त्या एका ओळीच्या आधारे. एका ओळीत केवढे सामर्थ्य असते ते यावरून दिसते. आता असेच रजिस्टर मालवण किनाऱ्यावरील प्रत्येक जुन्या जीवन शिक्षण शाळेच्या, आजच्या जिल्हा परिषद शाळेच्या कपाटात आहे, हे आपण विसरतो.

या जनरल रजिस्टरविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आमच्या दृष्टीने वाडीच्या इतिहासाचे ते सर्वांत जुने, सर्वांत विश्वसनीय आणि सर्वांत दुर्लक्षित साधन आहे. ते कायमस्वरूपी जतन करावयाचे दप्तर आहे. त्यात विद्यार्थ्याचे नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची व शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण असते. ही पाने क्रमाने वाचली तर वाडीचा इतिहास डोळ्यांपुढे उभा राहतो. कोणत्या साली वस्तीतील पहिले मूल शाळेत आले. त्यानंतर किती वर्षांनी पहिली मुलगी आली. ती दुसरीत गेली की नाही. सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात ‘मुंबईस गेला’ एवढे दोन शब्द असले तर त्यामागे गिरणी, गोदी आणि बी. डी. डी. चाळीतली खोली असते. आणि १९५६ नंतर जातीच्या रकान्यात ‘बौद्ध’ हा शब्द ज्या तारखेला प्रथम येतो, त्या तारखेला त्या गावच्या इतिहासात जे घडले त्यास तुलना नाही. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २,४८७ बौद्ध होते. १९६१ मध्ये २७,८९,५०१. हे आकडे आपण भाषणांतून सांगतो. त्या २७ लाखांतील आपल्या वाडीची पहिली ओळ कोणी, कोणत्या शिक्षकाच्या हस्ताक्षरात लिहविली, हे शोधावयास आपण गेलो नाही.

शिवाय हे केवळ अभिमानाचे साधन नाही. अनुसूचित जातींच्या संदर्भातील राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० चा आहे. जातीच्या दाव्याच्या पडताळणीत त्या तारखेपूर्वीचे पुरावे मागितले जातात. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती मिळाल्या, तरी पूर्वजांची मूळ जात सिद्ध करण्याचे ओझे त्यांच्यावर राहिलेच. जात प्रमाणपत्रांविषयीचा महाराष्ट्राचा २००१ चा २३ वा अधिनियम लागू झाल्यानंतर तर पडताळणीशिवाय प्रवेशही नाही व नोकरीही नाही. अशा वेळी आजोबा-पणजोबांच्या शाळेतील दाखल्याचा उतारा किंवा कोतवाल बुकातील जन्माची नोंद हाच कुटुंबाचा आधार असतो. अभियांत्रिकीच्या प्रवेशाची मुदत संपत आलेली असताना मुंबईहून गावी धावत येणारा पालक आणि कपाटातील वाळवीने खाल्लेले पान हे चित्र कोकणात कोणासही नवे नाही. किनाऱ्यावरची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि गळके कौल यांना कागदाचे मोल कळत नाही. मालवणच्या राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, तेव्हा साऱ्या राज्यात खळबळ उडाली आणि पुढच्याच वर्षी तेथे नवा पुतळा उभा राहिला. ते व्हावयास हवेच होते. शाळेच्या कपाटातील पान कोसळते तेव्हा आवाज होत नाही, इतकेच आम्ही म्हणतो.

येथे काळाचाही प्रश्न आहे. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. ज्या जिल्ह्यात माणसेच कमी होतात त्या जिल्ह्यातील शाळांत मुले कोठून येणार? २०१७ च्या अखेरीस राज्य शासनाने अल्प पटसंख्येच्या सुमारे १,३०० शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळांत सामावून घेण्याचे ठरविले, त्याची झळ कोकणाला सर्वाधिक बसली. शाळा बंद होते तेव्हा मुले दुसऱ्या शाळेत जातात. दप्तरही जाते, पण गठ्ठा बांधून, आणि तो गठ्ठा सोडणारा कोणी असेलच असे नाही. तिकडे मुंबईत बी. डी. डी. चाळी पुनर्विकासासाठी पाडल्या जात आहेत. कोकणातील वाड्यांच्या मुंबई मंडळांची इतिवृत्ते, वर्गणीच्या वह्या, जयंतीची पत्रके, धम्मदीक्षेच्या वेळची छायाचित्रे ही त्या खोल्यांतील पत्र्याच्या ट्रंकांत होती. नव्या घरात ट्रंक जात नाही.

तर मग मुलांनी करावयाचे काय? याचे एक विलक्षण उदाहरण आयर्लंडमध्ये घडले. परक्या सत्तेखाली भाषा व स्मृती गमावत आलेल्या त्या गरीब देशाने स्वातंत्र्यानंतर लोकसाहित्य आयोग नेमला आणि त्या आयोगाने १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० प्राथमिक शाळांना एका कार्यात गुंतविले. अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांनी घरी जाऊन आई-वडील, आजी-आजोबा व शेजारी यांना विचारावे आणि शाळेत येऊन लिहावे. शिक्षकांना एक पुस्तिका दिली होती, तीत ५५ विषय होते: दुष्काळाच्या आठवणी, जुन्या शाळा, विहिरी, खेळ, घरगुती औषधे, शेतातील व हातातील कामे. त्यातून सुमारे ७,४०,००० पानांचा संग्रह झाला. एवढे काम पगारी संशोधकांना शंभर वर्षांत जमले नसते. आणि शंभर वर्षे थांबण्याइतकी त्या वृद्धांजवळ आयुष्ये नव्हती.

परंतु या संग्रहात एक उणीव आहे आणि ती आमच्या वाचकांनी विशेष लक्षपूर्वक पाहावी. ५५ विषयांत ‘भटके लोक’ हाही एक विषय होता. गावोगाव फिरणाऱ्या, कल्हई करणाऱ्या, तेथील समाजाने दूर ठेवलेल्या लोकांविषयी स्थिर घरांतील मुलांनी पाने भरून लिहिले: ते कधी येतात, काय मागतात, कसे दिसतात. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना मात्र कोणी विचारले नाही. त्यांची मुले शाळेत क्वचितच होती. म्हणजे मुलांच्या हातात लेखणी देऊन भागत नाही. कोणत्या मुलाच्या हातात, आणि कोणाच्या दारी त्याला पाठवितो, यावर सारे अवलंबून असते. उद्या मालवण तालुक्यातील एखाद्या गावाने आपला वारसा लिहावयास घेतला आणि बौद्धवाडी हा त्यातील एक ‘विषय’ ठरला, तर तो आयर्लंडातील चूक पुन्हा करण्याचा प्रकार होईल.

दुसरा धोका वर्गातच आहे. ‘आपल्या कुटुंबाचा पारंपरिक व्यवसाय लिहा’ असा स्वाध्याय शिक्षक निष्पाप मनाने देतात. सुताराचा मुलगा लिहितो, गाबिताचा मुलगा मासेमारीविषयी लिहितो आणि बौद्ध मुलगी वही मिटून बसते. तिने काय लिहावे? ज्या कामांतून तिच्या पूर्वजांनी झगडून सुटका करून घेतली, ती कामे तिने परंपरा म्हणून मिरवावीत काय? वारसा या शब्दाविषयी आमच्या समाजात जी अढी आहे ती अज्ञानातून आलेली नाही. १९५६ साली आपण पुष्कळसा वारसा विचारपूर्वक टाकून दिला. त्यापूर्वीच मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस व उष्टे अन्न सोडण्याचे आवाहन केले होते. गावऱ्हाटीतील मान म्हणून ज्या गोष्टी सांगितल्या जातात त्या बहुतेक सक्तीच्या सेवाच होत्या, आणि महारवतने १९५८ च्या कायद्याने संपुष्टात आली तेव्हा कोणी अश्रू ढाळले नाहीत.

आमच्या मते येथे नोंद आणि जतन यांत भेद करणे अत्यावश्यक आहे. जी प्रथा आपण सोडली ती जतन करावयाची नाही. पण ती होती याची, आणि विशेषतः ती सोडल्याची, नोंद झालीच पाहिजे. अमुक गावात ढोरे ओढणे कोणत्या साली बंद झाले, प्रथम नाही कोण म्हणाले, त्यावर गावाने काय केले, विहीर बंद केली की दुकान बंद केले, किती दिवस? हा आपला खरा वारसा आहे. सोडणे हेच येथे कर्तृत्व आहे. तसेच खोतीचे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. कायदा मात्र १९४९ मध्ये झाला. मोर्चाचे नेते सर्वांना ठाऊक आहेत. त्या मोर्चासाठी आपल्या वाडीतून कोणी गेले होते काय, बोटीने गेले काय, तिकिटाचे पैसे कसे जमविले, हे आपल्या आजीला विचारल्यावाचून कळणार नाही. आणि तिनेही ते तिच्या आईकडूनच ऐकलेले असणार.

काही गोष्टी अशाही आहेत की ज्या अपमानाच्या सावलीत वाढल्या तरी स्वतः अपमानकारक नाहीत. कोकणातील आमच्या स्त्रियांच्या हातचे बुरडकाम हे त्याचे उत्तम उदाहरण. बांबूच्या कामट्या काढून सूप, रोवळी, टोपली, हारा, कणगी विणणे हे कौशल्य आहे, आणि या सर्व वस्तूंना मिळून आयदान हा शब्द आहे. उर्मिला पवार यांनी २००३ मध्ये आपल्या आत्मकथनास तेच नाव दिले. त्यांची आई आयदाने विणीत असे. त्यांनीच मीनाक्षी मून यांच्यासमवेत १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला, तो आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना प्रत्यक्ष भेटून, विचारून. या दोन ग्रंथांच्या दरम्यान आमच्या विषयाचे सारे मर्म आहे असे आम्हांस वाटते. वाडीतील शाळकरी मुलीने आजीजवळ बसून रोवळीची वीण पाहावी, प्रत्येक भागाचे मालवणीतील नाव लिहून घ्यावे, बाजारात ती कोठे व काय मोलाने विकली जाई हे विचारावे, आणि विकत घेणारा ती हातात घेई की जमिनीवर ठेवावयास सांगे, हेही विचारावे. शेवटचा प्रश्न वगळून केलेली नोंद हस्तकलेच्या प्रदर्शनात शोभेल, इतिहासात नाही.

याच जिल्ह्यात कुडाळजवळील पिंगुळी येथे ठाकर आदिवासी समाजाने आपला वारसा स्वतः कसा सांभाळला हे पाहण्यासारखे आहे. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या या त्यांच्या कला लुप्त होत असता परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शासनाच्या इमारतीची वाट त्यांनी पाहिली नाही. विहाराच्या एका भिंतीवर कपाट बसविण्यास आम्हांसही कोणाची अनुमती लागणार नाही.

कार्यासाठी काळही ठरलेलाच आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत कोकणात वाडीवाडीत वर्षावासाचे ग्रंथवाचन चालते. शेतीची कामे आवरून सायंकाळी वृद्ध, स्त्रिया व मुले एकत्र बसतात. वाचनानंतरचा अर्धा तास मुलांना द्यावा. एका सायंकाळी एकच प्रश्न. पाचवी ते आठवीच्या मुलांनी बोलणाऱ्याच्या मालवणी शब्दांतच लिहावे. शुद्ध करण्याचा मोह शिक्षकांनी व धम्मबांधवांनी टाळावा, कारण ‘मांगर’ या शब्दाऐवजी ‘शेतघर’ लिहिले की अर्धा अर्थ जातो. प्रत्येक नोंदीखाली सांगणाऱ्याचे नाव, वय आणि तारीख असावी. सांगणाऱ्याने एखादी गोष्ट लिहू नको म्हटले तर ती लिहू नये. एकच प्रसंग दोघांनी निराळा सांगितला तर दोन्ही लिहावे. केसपुत्राच्या कालामांना तथागतांनी केवळ परंपरेने आले म्हणून काही स्वीकारू नका असे सांगितले. ते सूत्र मुलांना शिकविण्याची याहून चांगली संधी मिळणार नाही, कारण आजोबांची आठवण रजिस्टरातील तारखेशी जुळवून पाहण्यात त्याचाच अभ्यास आहे.

रजिस्टर मात्र मुलांच्या हाती देऊ नये. ती जबाबदारी मुख्याध्यापकांची आहे, आणि त्यात गावातील इतरांच्याही खासगी नोंदी आहेत. पालकांनी रीतसर अर्ज करून आपल्या कुटुंबातील व्यक्तींचे उतारे घ्यावेत, १९५० पूर्वीचे प्रथम घ्यावेत, व ते मुलाच्या वहीस जोडावेत. जेथे शाळा बंद झाली तेथे दप्तर कोणत्या शाळेत गेले हे केंद्रप्रमुखांकडून लेखी विचारून घ्यावे. वाडीच्या जुन्या नावांची नोंदही राहू नये असे नाही: डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला तो स्वागतार्हच आहे, परंतु जुने नाव कोणत्या कागदात होते व नवे कोणी सुचविले, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिण्यास हरकत नाही. वहीच्या तीन प्रती कराव्यात. एक शाळेत, एक विहारात आणि एक मुंबईच्या मंडळाकडे. शेजारच्या वाड्यांतील मुलांनाही या कामात बोलवावे आणि आपल्या मुलांनी त्यांच्या दारी जावे. गाबीतवाडीतील म्हाताऱ्याला आपल्या वाडीविषयी काय आठवते, हे आपल्या आजीच्या आठवणीइतकेच उपयोगी आहे, आणि पुष्कळदा अधिक बोलके.